आधी नवऱ्याला बाहेर बसवा, मग विचारा

महोदय,

रात्री कॅज्युअल्टीत आलेल्या बायकांच्या केसपेपरवर 'घसरून पडल्याने' हे कारण किती वेळा लिहिले जाते, ते सरकारी रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. दंडावर बोटांचे वळ, एक डाग ताजा निळा तर शेजारचा जुना, पिवळा पडलेला, कानाचा पडदा फाटलेला. बाथरूममध्ये पडून असे होत नाही. "काय झालं, ताई?" म्हटले की उत्तर नवरा देतो, नाहीतर सासू. बाई नुसती मान हलवते. टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, की ती परत त्याच घरी.

गळा दाबलेल्या बाईची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मानेवर कित्येकदा खूणही दिसत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखते, आणि घसा धरलाय म्हणून गोळ्या देऊन तिला पाठवले जाते. ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, तिथे पुढे खुनाचा धोका कितीतरी वाढलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात मार खाल्लेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के कुणाकडे मदत मागतात. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई जखम झाली की दवाखान्यात मात्र येते, आणि तिथे गेली म्हणून घरात कुणी संशय घेत नाही. हेच ओळखून मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने पंचवीसेक वर्षांपूर्वी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांना आधार आणि सल्ला देणारे 'दिलासा' केंद्र उभे केले. पुढे ते पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेले.

येणाऱ्या प्रत्येकीला छापील प्रश्न विचारा, असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये तसे सुचवलेले नाही. खुणा दिसल्या तर विचारावे, एकटीला विचारावे, आणि विचारणाऱ्याला पुढचे ठाऊक असावे, एवढेच. नवऱ्यासमोर विचारणे तर घातकच, त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावरच निघतो. गर्दी असते हे मान्य, पण नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवायला कितीसा वेळ लागतो?

ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे, कुणी मारले आणि कशाने, यासकट. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली ती कधी कोर्टात गेली, तर तोच कागद तिच्या बाजूने बोलेल. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, झाली म्हणजे तिने तक्रार केली असे होत नाही, हेही तिला नीट समजावून सांगावे. या भीतीपोटीच बऱ्याच जणी गप्प राहतात.

आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, नुसता पडदा नव्हे, दार लावता येईल अशी एक खोली द्यावी आणि प्रत्येक पाळीत, रात्रीच्यासुद्धा, यासाठी शिकवलेली एक तरी सिस्टर नेमावी.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा