पट्टी लावून बघणाऱ्या काकांना

काका,
सादर नमस्कार विनंती विशेष.

नाव लिहू नको असं तुम्हीच म्हणालात, म्हणून लिहीत नाही. इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या बाजूला लग्नपत्रिका छापणारे बरेच आहेत. ओळखणारे तुम्हाला ओळखतील, बाकीच्यांनी दारोदार विचारत फिरावं. त्या दिवशी दुकानात मी ‘थँक्यू काका’ म्हणाले, तुम्ही मान हलवलीत आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवरच्या गणपतीचा शेंदरी रंग बघायला वळलात. मशीनच्या आवाजात ते थँक्यू तुम्हाला ऐकू आलं की नाही, देव जाणे. माझं तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून हे पत्र.

इतर वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आम्ही काही जण लोकमान्य नगरात माझ्या घरी रविवारी टेबलावर लढाया खेळतो. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर नदी, टेकाडं, झाडं, घरं मांडायची, २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक उभे करायचे, आणि पट्टीनं अंतर मोजून, फासे टाकून त्यांना हलवायचं. जगात हा मोठ्या माणसांचा छंद आहे. इंदुरात सांगितलं की समोरचा आधी माझ्या केसांकडे बघतो, मग विचारतो, ‘मुलगा कितवीत आहे?’ मला मुलगा नाही. मी चाळिशी ओलांडलेली, एका ऑफिसात हिशेब बघणारी बाई आहे, आणि मला तोफा आवडतात.

या खेळातली घरं प्लास्टिकची, रेझिनची विकत मिळतात, पण ती बाहेरून मागवावी लागतात आणि कस्टमसकट त्यांची किंमत ऐकली की भूक मरते. दुसरा मार्ग कागदाचा. जाड कागदावर भिंती नि छपरं छापायची, कापायची, दुमडायची, चिकटवायची. मला कागदाचीच घरं जास्त प्रिय आहेत. एखादं मोडलं तर पुन्हा छापता येतं, आणि भिंतीवरचा पोपडा आपल्याला हवा तिथेच निघालेला दाखवता येतो. तयार फायली मिळतात त्या मात्र बहुतेक युरोपातल्या गावांच्या. उतरती टोकदार छपरं, बाहेर दिसणारे लाकडी वासे, वर विटांचं धुराडं. शिप्रेच्या काठावर धुराडी कशी लावायची?

कारण आम्हाला महिदपूर हवं होतं. यंदा २१ डिसेंबर रविवारी आला. १८१७ सालच्या याच तारखेला महिदपूरपाशी शिप्रेच्या काठी होळकरांची फौज आणि इंग्रजांची फौज भिडली. होळकरांच्या रांगेच्या मध्याजवळ एका उंचवट्यावर ओसाड पडलेलं गाव होतं आणि समोर तोफा. इंग्रज नदी उतरून आले ते या तोफांच्या तोंडी. होळकरांचं घोडदळ निघून गेलं, रोशन बेगच्या तोफखान्यातले गोलंदाज मात्र तोफांपाशी उभे राहिले आणि तिथेच पडले. पुढे ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे ज्या शहरात आपण राहतो ते राजधानी झालं एका हरलेल्या दिवसानंतर. सगळी लढाई टेबलावर मावत नाही. आम्हाला फक्त ते पडकं गाव आणि त्याच्या आजूबाजूची झटापट खेळायची होती.

माझी एक मैत्रीण शाळेत चित्रकला शिकवते. तिनं आणि मी महिदपूरच्या आसपासच्या जुन्या भिंतींचे फोटो काढले आणि त्यावरून घरं रचली. काळ्या मातीचा गिलावा, छपरावरचे खचलेले कवेलू, ओटल्यापुढे गेरू-खडूचे अर्धवट पुसलेले मांडणे, आतून दिसणारी मोडकी कडी. रात्र-रात्र बसून केलं ते सगळं. आणि मग आम्ही छापायला निघालो.

काका, तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कुठे कुठे जाऊन आलो ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. एका मोठ्या काचेच्या, एसी लावलेल्या दुकानात मुलानं कानातलं न काढताच पेनड्राइव्ह घेतला. पानं आली ती दिसायला सुंदर, पण मशीननं आपल्या समासात बसवायला म्हणून चित्र थोडं आकसून छापलेलं. शंभराचं सत्त्याण्णव टक्के. कुणाला कळेल? पण तीन टक्क्यांत सहा इंचांची भिंत साडेचार मिलिमीटर आखूड होते, आणि भिंती एकीकडे, छपरं दुसरीकडे छापून आली की छप्पर भिंतीवर बसतच नाही. मी हे दाखवलं तर तो म्हणाला, ‘सेम ही तो है, मॅडम.’ दुसऱ्या एकानं न विचारता वर चकचकीत लॅमिनेशन मारून दिलं, टिकेल म्हणून. दोनशे वर्षांपूर्वीचं उजाड गाव असं चमकत होतं की गोलंदाजांनी डोळ्यांवर हात धरावा. शिवाय त्यावर फेविकॉल धरत नाही. तिसरीकडे जाड कागदावर टोनर असा बसला की प्रत्येक घडीवर तडकून पांढरी रेघ उठली. मी तक्रार केली तर मालक हसून म्हणाले, ‘बच्चे के प्रोजेक्ट में इतना कौन देखता है?’

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात लागलं. लहान मुलाच्या कामातही का बघू नये, हा प्रश्न वेगळाच.

तुमच्याकडे आम्ही आलो तेव्हा लग्नांचा मोसम ऐन भरात होता. खरमास, म्हणजे लग्नं न होणारा महिना, लागायच्या आत सगळ्यांना पत्रिका वाटून मोकळं व्हायचं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, गठ्ठ्यांवर गठ्ठे, एक बाई जावयाच्या आडनावातली वेलांटी चुकली म्हणून भांडत होती. मला वाटलं, इथूनही ‘आठवड्यानं या’ ऐकून परत जाणार. तुम्ही फाइल उघडलीत, स्क्रीनकडे बघितलंत, काही बोलला नाहीत. एक प्रूफ काढलंत.

आणि मग तुम्ही ते केलंत ज्यासाठी हे पत्र आहे.

अशा प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन असतो. एक इंच बाय एक इंच, २५.४ मिलिमीटर. छापणाऱ्यानं तो मोजून बघावा, माप बरोबर आलं का याची खात्री करावी, एवढ्यासाठीच तो असतो. आम्हीही घातला होता, रीत म्हणून. आजवर एकाही छापणाऱ्यानं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, तुम्हालाही मी त्याबद्दल सांगितलं नव्हतं, कारण सांगून सांगून तोंड दुखलं होतं. तुम्ही शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढलीत. चष्मा कपाळावरून खाली आणलात. पट्टी चौकोनाच्या कडेला लावलीत. आडवं मोजलंत. मग पट्टी फिरवून उभं मोजलंत. दोन्ही दिशांनी! मशीन कागद ज्या बाजूनं ओढतं त्या बाजूला माप वेगळं येऊ शकतं हे मला माहीत होतं, कारण मी महिनोन्‌महिने हेच वाचत असते. तुम्हाला ते कुणी वाचायला दिलं नव्हतं. आणि पट्टीवरून नजर न उचलता म्हणालात, ‘पाव सूत कमी आहे.’

काका, पाव सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आता सुतारांनाही विसरायला झालंय. पाव सूत म्हणजे बत्तीसावा हिस्सा. इंचाचे तीन टक्के काढा, जवळपास तेवढेच येतात. ज्या फरकावरून मी इतक्या जणांशी वाद घातला, जो दाखवताना मला माझाच आवाज वेड्यासारखा वाटायला लागला होता, तो तुम्ही दोन शब्दांत सांगितलात, आणि सांगताना तुमचा चेहरा असा होता की यात सांगण्यासारखं विशेष काय. प्रूफ रद्दीत टाकलंत. सेटिंग बदललंत. दुसरं काढलंत, पुन्हा आडवं, पुन्हा उभं. ‘आता बसलं.’

माझ्या मैत्रिणीनं माझा हात दाबला. आम्ही दोघी तिथे उभ्या होतो आणि मागे ती वेलांटीवाली बाई अजून भांडतच होती.

मग तुम्ही विचारलंत, ‘ह्याच्यासमोर कोण उभं राहणार?’ मुलगा कितवीत आहे, हे विचारलं नाहीत. मी पर्समधून काड्यापेटी काढली, तिच्यात कापसात गुंडाळलेला एक गोलंदाज होता. तुम्ही तो दोन बोटांत धरून प्रूफवर, छापलेल्या दारापुढे उभा केलात आणि म्हणालात, ‘पगडीसकट जाईल.’

पुढचं सगळं तुमच्या खात्यातलं. मॅट कागद, ग्रेन कोणत्या बाजूनं ठेवायचा, त्या जुन्या ट्रेडल मशीनवर मारलेली क्रीझ, म्हणजे घडीची रेघ, यातलं मला अर्धंच कळलं, आणि पत्रात ते लिहून तुमच्या शेजारच्या दुकानदारांना फुकटची शिकवणी देण्याची माझी इच्छा नाही. एवढं सांगते की एकही घडी तडकली नाही. बिलात पहिलं प्रूफ धरलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, ‘वाया गेलेला कागद आमचा.’ त्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून त्याचं उत्तर इथे देते. काका, तो कागद वाया गेला नाही. तो मी तुमच्या रद्दीतून उचलून आणला, चौकोनापुरता कापला, आणि माझ्या हिशेबाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. ऑफिसात कुणी ‘चालतंय हो’ म्हणालं की मी तिकडे बोट करते. कुणाला काही कळत नाही.

आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलंय, चौकाचौकांत फलक आहेत, मलाही अभिमान आहे. पण न सांगता मोजून बघणाऱ्या माणसांचं सर्वेक्षण कुणी करत नाही. असती अशी यादी तर तिच्यात मी आमच्या गल्लीतला तो दूधवाला घातला असता जो आपल्या मापात फेस बसेपर्यंत थांबतो, आणि बँकेतल्या त्या निवृत्त कॅशियर वहिनी, ज्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या नोटा दोनदा मोजून मग त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा मोजायच्या. चांगुलपणा म्हटलं की लोक दानधर्म आणतात, डोळ्यांतलं पाणी आणतात. मला तो नेहमी असाच भेटला आहे, कामात मान घातलेला आणि थोडासा तुटक. तुम्ही माझ्याशी गोड बोलला नाहीत, हे मला आता फार बरं वाटतं. गोड तर तो लॅमिनेशनवालाही बोलला होता.

निकाल कळवायचा राहिला. पाकीट हातात देताना तुम्ही विचारलं होतंत, ‘तोफखाना टिकतो का बघा.’ रविवारी गाव टेबलावर मांडलं तेव्हा आमच्यातला तो कॉलेजातला मुलगा, जो नेहमी इंग्रज घेतो आणि कशालाच चांगलं म्हणत नाही, त्यानं छप्पर उचलून आत वाकून बघितलं, परत ठेवलं, परत उचललं. ते प्रत्येक वेळी जागेवर बसत होतं. सकाळी दहाला सुरुवात झाली. मी रोशन बेग होते. इंग्रजांचे फासे पहिल्यापासून चढे पडत होते, दुपारपर्यंत त्यांची अर्धी फळी नदी उतरून गावाच्या पहिल्या दोन घरांत शिरली होती. मी पडक्या भिंतीआड तीन तोफा लावल्या होत्या, त्यांनी पाचपर्यंत कुणाला पुढे सरकू दिलं नाही. माझं घोडदळ ज्याच्या हाती होतं त्यानं चहाच्या आधीच माघार घेतली. त्याला विचारलं का, तर म्हणतो, इतिहासाला धरून आहे. त्याला संक्रांतीला तिळगूळ मिळणार नाही. थोडक्यात, हरलो, पण तोफा जागच्या हलल्या नाहीत.

आता खरमास आहे, तुमचं मशीन जरा मोकळं असेल. संक्रांतीच्या आत येते. शिप्रेच्या घाटाच्या पायऱ्या आहेत आणि महिदपूरच्या गढीचा एक बुरूज, तो गोल असल्यामुळे क्रीझ कशी मारायची यावर तुमच्याशी बोलायचं आहे. कागद तोच मॅट ठेवा. दुकानातला तुमचा मुलगा मला ‘तोपवाली मॅडम’ म्हणतो ते मला ऐकू येतं, त्याला रागावू नका.

आपली,
लोकमान्य नगरातली तोपवाली