आपल्या लहानपणी पण धूर होताच की

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला, फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे लिहितोय. पोराला दम्यामुळे नेब्युलायझर (औषध वाफेसारखं ओढायचं मशीन) द्यावा लागला, आणि रस्त्यालगतच्या घरात गाड्यांच्या धुराने हे होतंय का अशी तुला शंका आहे, हे वाचून पोटात गोळाच आला. माझ्या लेकीला पहिल्यांदा दम लागला तेव्हा तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि आम्ही आपले पाठ चोळत बसलेलो. चांगला तासभर घालवला मूर्खासारखा.

तुझे बाबा म्हणतात ना, आमच्या वेळी पण धूर होता, आम्हाला कुठे दमा झाला? सेम डायलॉग मी पण ऐकलाय. पण अरे, धुराधुरात फरक असतो. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर एरिका फॉन मुटियस नावाच्या डॉक्टरबाईंनी दोन्हीकडची मुलं तपासली, त्यांना वाटत होतं पूर्वेकडे कोळशाचा एवढा काळा धूर, म्हणजे दमा तिकडेच जास्त असणार, आणि निघालं नेमकं उलटं. पूर्वेला ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) जास्त, पण दमा आणि परागकणांची ॲलर्जी पश्चिमेकडे म्युनिकच्या मुलांत जास्त. आता हे काही एकट्या गाड्यांच्या धुरामुळे नव्हतं, राहणी वेगळी होती, बरंच काही होतं. पण बाबांचं गणित तिथेच फसतं.

डिझेलच्या धुराचं वाईट हे की तो नुसता झोंबत नाही, नाकात परागकण आणि हे बारीक कण एकत्र गेले की शरीर ॲलर्जीच्या ॲंटिबॉडीज जास्त बनवायला लागतं. त्यात मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतात, फुप्फुसं अजून वाढतायत, आणि उंची बघ ना, नाक बरोबर सायलेन्सरच्या जवळ. (शाळेच्या गेटवर इंजिन चालू ठेवून थांबणाऱ्यांत मी पण होतो, वर्षभर, आत एसी लावून.)

घर विकू का विचारतोयस. लगेच नको रे! गाड्यांचे सगळ्यात बारीक कण रस्त्यापासून शेदोनशे मीटरवर बरेच विरळ होतात, त्यामुळे आधी त्याचा बेड रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलव, गर्दीच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंद, आणि शाळेत चालत जाता तर मेन रोड सोडून आतल्या गल्लीने जा, पाच मिनिटं जास्त लागली तर लागू देत. आम्ही एवढंच केलं, दमा गेला नाही, पण रात्रीचा खोकला कमी झाला. अर्थात औषध पण चालू होतं, त्यामुळे श्रेय कोणाला ते देव जाणे.

आणि हवा सुधारली तर फुप्फुसं साथ देतात बरं का. दक्षिण कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं मुलांची फुंकर मोजली, 1994 ते 98 च्या बॅचमध्ये पंधराव्या वर्षी 7.9 टक्के मुलांच्या फुप्फुसांची क्षमता फारच कमी भरली होती, 2007 ते 11 च्या बॅचमध्ये फक्त 3.6 टक्के. मधल्या काळात तिथली हवा बरीच स्वच्छ झाली होती. हे वाचून मला त्या रात्री झोप लागली.

पंपाची (इनहेलरची) सवय लागते असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, डॉक्टरांनी रोजचा दिलाय तो बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नकोस, आम्ही केला होता आणि पुन्हा इमर्जन्सीत पळालो. पोरगा पंप स्पेसरने (पंपाला लावायच्या नळीने) कसा घेतो त्याचा व्हिडिओ पाठव, माझी लेक दाबल्या दाबल्या तोंड काढायची, कितीतरी दिवस औषध हवेतच जात होतं.

तुझाच