काच न काढता रंग मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मालकांवर लेख आला होता. लेख मनापासून आवडला. मात्र त्यातल्या एका फोटोत पुढच्या काचेवर कागद चिकटवून, रबराच्या कडेला मास्किंग टेप मारून गाडी रंगवायला घेतलेली दिसते. तो फोटो पाहून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी कुर्ल्याचा. डेंटिंगचं काम इथेच शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत इथेच केलं. ज्या कुर्ल्यात फियाट गाड्या बनवणारा प्रीमियरचा कारखाना होता, तिथल्या गल्ल्यांत फियाटचा पत्रा ओळखत नाही असा माझ्या पिढीचा कारागीर सापडणार नाही. डुक्कर फियाट, डिलाइट, पद्मिनी, सगळ्यांची अंगं या हातांखालून गेली आहेत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये गेली, पण लोकांच्या घरच्या गाड्या आहेत, आणि पहिल्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशीला आल्या आहेत. केंद्र सरकारच्या जुलै 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. त्यामुळे कामं वाढली आहेत याचा मला आनंदच आहे. ती नीट व्हावीत एवढीच तळमळ आहे.

या गाड्यांची पुढची काच रबरात बसवलेली असते. रबराच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत बॉडीच्या पत्र्याची कड. वर्षानुवर्षांच्या उन्हाने रबर कडक होतं, आक्रसतं, कोपऱ्यात तडकतं. मग पावसाचं पाणी आत शिरतं आणि खालच्या दोन कोपऱ्यांत साचून राहतं. बाहेरून काही दिसत नाही, कारण गंज रबराच्या पोटात असतो. तिथून पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि पायाखालच्या पत्र्यावर, मॅटिंगखाली मुरतं. या सगळ्या गाड्या मुळात फियाट 1100, आणि तिला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, नाही; बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे काचेच्या कोपऱ्यातून गळणारं पाणी शेवटी गाडीचा कणा खातं.

आता टेप मारून रंग दिला की काय होतं? रंग रबराच्या कडेपर्यंतच पोचतो. खाली गंज तसाच. रंगाची कड तिथेच संपल्यामुळे पाणी तिच्याखाली घुसतं आणि एका पावसाळ्यात फोड येतात. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या आकाशी फियाटचं हेच झालं. रंग सुरेख होता, आरशासारखा. दिवाळीच्या सुमाराला डाव्या कोपऱ्यात पापुद्रा सुटला. काच काढली तर कडेचा पत्रा बोटाने तुटत होता, आणि गळती थांबवायला आधीच्या गॅरेजवाल्याने भोवताली सिलिकॉन भरलेलं. लावताना व्हिनेगारसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला आणखी गंजवतं. ते पत्र्याला कधीही लावू नये. त्या गृहस्थांनी रंगाचा खर्च दुसऱ्यांदा केला. वडिलांची गाडी होती, ते फार हळहळले.

गॅरेजवाले मालकाला भीती घालतात, ‘काच फुटेल, मग मिळणार नाही.’ भीती खोटी नाही. या जुन्या गाड्यांत बहुधा टफन्ड काच असते, आणि तिच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो. पण म्हणूनच स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नसतं. आधी नवं रबर हातात येऊ द्यावं, ते आल्याशिवाय जुन्याला ब्लेड लावू नये. वायपरचे हात काढावेत, रबरात चकचकीत पट्टी असेल तर ती सावकाश ओढून घ्यावी, कारण ती वाकली की सरळ होत नाही. मग जुन्या रबराची बाहेरची ओठासारखी कड धारदार ब्लेडने चारही बाजूंनी कापून टाकावी. जुनं रबर वाचवण्याच्या लोभात काचा जातात. कड कापली की काचेला धरून ठेवणारं काही उरत नाही. एकाने आत बसून वरच्या कोपऱ्याजवळ तळहातांनी थोडं थोडं रेटायचं, दुसऱ्याने बाहेर दोन्ही हातांनी झेलायला उभं राहायचं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काढलेली काच गोधडीवर उभी टेकवून ठेवावी, आडवी टाकू नये. आणि वेल्डिंगपासून लांब, कारण ठिणग्या काचेत रुततात आणि ते टिपके पुढे निघत नाहीत.

मग दिसेल ते खरं रूप. गंज पूर्ण खरवडून, गेलेला पत्रा कापून नवं ठिगळ जोडायचं, पुट्टीने भोक बुजवायचं नाही. खालचे पत्रे कापणार असाल तर आधी दरवाजाच्या चौकटीत आडवे टेके वेल्ड करा, नाहीतर बॉडी बसते आणि काचेची चौकट वाकडी होते. रंगापूर्वी नुसती काच, रबराशिवाय, चौकटीत धरून फट सगळीकडे सारखी आहे ना बघा. हे दहा मिनिटांचं काम कुणी करत नाही, आणि मग बसवताना काच तडकली की रबराला दोष देतात.

बसवण्याची आमची पद्धत दोरीची. रबर आधी काचेवर चढवायचं, पत्र्याच्या खाचेत गोल दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस किंवा पेट्रोल नाही, त्याने रबर फुगतं. बाहेरून एकाने तळहाताने थोपटायचं, आतून दुसऱ्याने दोरी ओढत जायची, की रबराची कड पत्र्यावर आपोआप चढते. मॅटिंग टाकायच्या आधी नळीने पाणी मारून गळती तपासा.

आजची मुलं हुशार आहेत, पण त्यांना नव्या गाड्यांची, चिकटवलेली काच माहीत. ती वेगळी विद्या आहे. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअरचा अभ्यासक्रम आहे. तिथे रबराची काच काढण्या-बसवण्याचा सराव मुलांकडून जरूर करून घ्यावा. शिकवायला आमच्यासारखे म्हातारे आनंदाने येतील.

आणि आपल्याला एक विनंती. पुढे अशा गाडीवर लेख छापाल, तेव्हा मालकाकडे रंगाआधीचा, काच काढलेल्या चौकटीचा फोटो मागा आणि तो नव्या रंगाच्या फोटोशेजारी छापा.

आपला नम्र,
एक निवृत्त डेंटर,
कुर्ला (पश्चिम), मुंबई