शस्त्रक्रियागृहात छोटे एक्स-रे यंत्र हवे आहे : मदतीचे आवाहन

स्तनाचा कर्करोग झाला तरी पूर्ण स्तन काढावा लागतोच असे नाही. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी ऊती काढून अनेक रुग्णांचे भागते, मात्र काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ हव्यात. काढलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, बाहेरची कडा ओळखू यावी म्हणून तिला शाई लावतात. आजूबाजूला पसरू लागलेल्या कर्करोगात शाईला एकही रोगपेशी टेकलेली चालत नाही, दुग्धनलिकांपुरत्या मर्यादित रोगात २ मिलिमीटर अंतर अपेक्षित असते. हा अहवाल यायला काही दिवस जातात. कडा सदोष निघाली की पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया आणि रेडिएशन लांबणीवर. साधारण पाचांतल्या एका रुग्णावर ही वेळ येत आली आहे.

रुग्ण टेबलावर असतानाच तुकड्याचा एक्स-रे काढला, तर यातल्या काही जणींची दुसरी शस्त्रक्रिया टळू शकते. सध्या तुकडा क्ष-किरण विभागात न्यावा लागतो. तो परत येईपर्यंत भूल लांबते, जखम उघडी राहते. म्हणून आमची रुग्णसाहाय्य समिती शस्त्रक्रियागृहात ठेवता येईल अशा बंद पेटीच्या यंत्रासाठी निधी गोळा करत आहे.

तुकडा काढताच सर्जन त्याला दिशेचे टाके घालतात: आखूड टाका वरच्या कडेला, लांब टाका बाहेरच्या कडेला. मग एक छबी, तुकडा ९० अंशांत फिरवून दुसरी. एकाच छबीवर विसंबले तर मागची किंवा पुढची कडा नजरेतून सुटते. तुकडा दाबायचा नाही. चरबी पसरून त्याची जाडी घटते आणि गाठ कडेला टेकल्याचा खोटा भास होतो. छबीत गाठ किंवा कॅल्शियमचे कण एखाद्या कडेजवळ दिसले, तर सर्जन त्याच बाजूची आणखी एक चकती तिथल्या तिथे काढतात.

आधी केमोथेरपी झालेल्या रुग्णांसाठी तर हे फारच मोलाचे. अनेकदा गाठ विरघळलेली असते, हाताला काही लागत नाही. बायोप्सीच्या वेळी बसवलेली धातूची बारीक क्लिप हीच जागेची खूण उरते. ती छबीत दिसली नाही तर जखमेत, अगदी सक्शनच्या बाटलीतही शोधावी लागते.

यंत्र पेशी पाहू शकत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगायला हवे. दाट ऊतीत किंवा विखरून वाढणाऱ्या लोब्युलर (दुग्धग्रंथींत सुरू होणाऱ्या) कर्करोगात छबी स्वच्छ दिसूनही रोग उरलेला असू शकतो. पॅथॉलॉजीचा अहवाल लागणारच.

निधीतून शिशाचे कवच असलेली, दार उघडे असताना किरण सुरूच होणार नाहीत अशी पेटी, डिजिटल डिटेक्टर, रेडिओलॉजिस्टच्या संगणकाला जोडणी आणि यूपीएस घ्यायचे आहे. शिवाय रेघांची जाळी आखलेल्या थाळ्या, सहा रंगांची शाई आणि मोठ्या तोंडाच्या बरण्या हव्यात. तुकडा तासाभरात त्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) गेला नाही, तर हार्मोन रिसेप्टरची, म्हणजे रोग हार्मोनवर वाढतो का हे सांगणारी, चाचणी बिघडू शकते. लहान बरणीत कोंबलेला तुकडा आतून नीट टिकत नाही.

यंत्रासाठी देणगी द्यायला लोक पुढे येतात, वार्षिक देखभालीसाठी फारसे कोणी येत नाही. पण डिटेक्टर बिघडला की पेटी नुसती उभी राहते. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की ज्यांना शक्य आहे त्यांनी दर वर्षी थोडी रक्कम देखभाल कराराच्या नावे द्यावी.

कृपया जुनी एक्स-रे यंत्रे देऊ नका. या कामाला साधारण ३५ किलोव्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे किरण लागतात. जास्त ऊर्जेत चरबी आणि गाठ यांतला फरक पुसला जातो. जुन्या मॅमोग्राफी यंत्राला स्वतंत्र संरक्षित खोली लागते, ती शस्त्रक्रियागृहालगत नाही.

निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ आणि वैद्यकीय उपकरणांचे अभियंते यांचा वेळही हवा आहे: यंत्र निवडताना, बसवताना आणि परिचारिकांना टाके-थाळीची पद्धत शिकवताना. देणगी रुग्णालयाच्या लेखा विभागात द्यावी, पावतीवर ‘यंत्र’ की ‘देखभाल’ हे लिहून घ्यावे.