मलपृष्ठावरचं ‘विदारक’

संपादक महोदय,

पहिल्या कादंबरीच्या छापील प्रती घरी आल्या, तेव्हा सुरी शोधायचाही धीर धरवला नाही. खोक्याची चिकटपट्टी दातांनीच तोडली. (वय ४६!) रात्री दोनदा उठून पुस्तक जागेवर आहे ना, ते पाहिलं. सकाळी मलपृष्ठ वाचलं : ‘कष्टकऱ्यांच्या जीवनाचे विदारक चित्रण’.

विदारक? माझी नायिका रात्रपाळीत साफसफाई करते, उधारी फेडते आणि मैत्रिणींसोबत पोट धरून हसते. आजच्या कथा-कादंबऱ्यांत कामकरी माणूस बहुधा सोसायला येतो, नाहीतर दार उघडण्यापुरता. प्रेमभंग, वाचनवेड, चावटपणा हे चोचले त्याला परवडत नाहीत जणू. मध्यमवर्गीय एकटेपणाला मात्र दोनशे पानं! अपवाद आहेत. स्कॉटिश लेखक डग्लस स्टुअर्ट यांच्या ग्लासगो शहरातल्या कष्टकरी घरावरच्या पहिल्याच कादंबरीला २०२० चं बुकर मिळालं. तिच्यात हलाखीसोबत विनोदही आहे.

वर्ग दिसतो तो पगाराच्या तारखेत, साहेबासमोर बदलणाऱ्या बोलीत. तो टिपायला कान हवा. कणव आपोआप येते.

मलपृष्ठ बदलायला आता उशीर झाला, असं प्रकाशक म्हणतात. दुसऱ्या आवृत्तीत बघू, निघाली तर.

– एक नवा लेखक