सही अजून केलेली नाही

वसई, २२ डिसेंबर २०२५, रात्री

प्रिय रेजू,

इनास पास्कूदादाला किडनी द्यायला निघालाय. हो, आपलाच इनास, माझा नवरा, आणि तोच पास्कूदादा, त्याचा सख्खा मोठा भाऊ. परत एकदा वाच, मी थांबते.

फोनवर सांगितलं नाही कारण तू मधेच किंचाळली असतीस आणि अँथनीला वाटलं असतं भूकंप झाला. आणि खरं कारण म्हणजे इथे कोणालाही सांगितलं की पहिलं वाक्य हेच येतं, "किती मोठं मन गं त्याचं", आणि मग मला पुढे काही बोलताच येत नाही. तू त्या रात्री आमच्या ओटीवर होतीस. सासूबाई गेल्यावर महिन्याच्या मिस्सेनंतर, चर्चमधल्या त्या प्रार्थनेनंतर, जे झालं ते तू डोळ्यांनी बघितलंयस, खुर्ची कोणी उचलली आणि कोणाचा हात कोणी धरला, सगळं. बाहेरच्या माणसाला बावखलाकडची, त्या तळ्याकाठची वाडी म्हणजे जमिनीचा एक तुकडा, पण इनासने तिथे केळी लावलेल्या, विहिरीवर मोटर बसवलेली, पानवेलीचे मांडव आईच्या हाताखाली शिकलेला तो, आणि दादाने न विचारता बिल्डरला सही देऊन टाकली. बावखल बुजवलं तेव्हा हा दोन दिवस जेवला नव्हता. त्यानंतर दोघं एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्सेला, एक पुरुषांच्या बाकांत डाव्या बाजूला आणि एक उजव्या. शांतीची देवाणघेवाण आली की हा मुद्दाम मागे वळून भलत्याच माणसाला हात द्यायचा.

तब्येतीचं विचारशील म्हणून, माझे गुडघे आहेत तसेच, इनासचं बीपी नॉर्मल (ते आता दहा जणांनी मोजलंय), धाकटीला सर्दी. झालं.

तर दादाची शुगर तुला माहीत आहेच. किडन्या गेल्या. डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून ३ दिवस, ४-४ तास, हातावर तो फिस्टुला, शिरांचा जोड, केलाय, हात लावला की आत मशीन चालल्यासारखं थरथरतं म्हणे. पाणी मोजून प्यायचं. वाडीत वाढलेला माणूस, नारळपाणी पण बंद. जाऊने आधी स्वतःची टेस्ट केली, ब्लड ग्रुपच जुळला नाही. पोरगा आत्ता कुठे कॉलेजात गेलाय, त्याचं नाव घ्यायलाच ती तयार नाही आणि मी तिच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. आणि इनास एकटाच जाऊन रक्त देऊन आला. जुळलं. मला कधी कळलं? गोठ्यासाठी बांबू चिरत बसलेला, कामट्या सोलता सोलता मान खाली घालून म्हणतो, "फिलू, मी ठरवलंय."

मी ठरवलंय.

रेजू, मला त्या शब्दाचा इतका राग आला की मी आत जाऊन नाताळच्या तळायच्या फुग्यांचं पीठ उगाचच परत मळलं. नारळाचं दूध जास्त झालं, फुगे तेलात दगडासारखे बसले, ते एक नुकसान वेगळंच. किडनी त्याची, शरीर त्याचं, भाऊ त्याचा, सगळं मान्य. पण त्या शरीरावर घर चालतं. व्हॅन तो चालवतो, धाकटी बारावीला आहे, मोठ्याची नोकरी अजून कच्ची. ऑपरेशननंतर देणारा तसा ४-५ दिवसांत घरी येतो, पण पुढे साधारण ६ आठवडे जड उचलायचं नाही. मग केळीचे घड कोण उचलणार? तुला नर्स म्हणून हे सगळं पाठ असेल, मला नव्याने कळतंय, की बहुतेक वेळा डावी किडनी काढतात कारण तिची शीर लांब असते, की राहिलेली किडनी हळूहळू मोठी होऊन बरंचसं काम अंगावर घेते, की देणाऱ्याला दरवर्षी तपासण्या करत राहायच्या. डॉक्टर चांगले आहेत, घाई करत नाहीत. सख्खा भाऊ १९९४ च्या अवयवदानाच्या कायद्यात जवळच्या नातेवाईकांत बसतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण हॉस्पिटलवाले म्हणाले, मिसेसना पण घेऊन या, आम्ही त्यांच्याशी बोलतो आणि त्यांची सही घेतो. तर तो कागद माझ्याकडे आहे. बायबलात ठेवलाय.

काल आगमनकाळाचा, नाताळच्या तयारीच्या त्या आठवड्यांचा, चौथा रविवार होता. चौथी मेणबत्ती. आणि शुभवर्तमान, बायबलमधलं येशूच्या चरित्राचं वाचन, कोणतं, तर मत्तयचं, योसेफाचं, येशूच्या आईच्या, मरियेच्या, नवऱ्याचं. लहानपणापासून ऐकतोय गं आपण, मरिया गरोदर असल्याचं कळलं, योसेफ नीतिमान होता, तिची बेअब्रू नको म्हणून त्याने गुपचूप सोडायचं ठरवलं, मग स्वप्नात देवदूत, की घाबरू नकोस, तिला घरी आण. काल मात्र मी अंगठ्याने बाकाची कड दाबून ऐकत होते. आपण नाताळ म्हटलं की मरियेचं "हो" धरतो. बरोबरच आहे, तिच्यापाशी देवदूत आला, तुला देवाचा मुलगा होणार म्हणाला, तिने विचारलं, तिला उत्तर मिळालं, मग तिने हो म्हटलं. पण योसेफाला कोणी विचारलंच नाही! त्याच्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा ती ठरून गेलेली होती. त्या काळी वाङ्निश्चय म्हणजे लग्नच, मोडायचा तर सोडचिठ्ठी लागायची, आणि नियमशास्त्राप्रमाणे बाईला दगडांनी मारण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकायची. म्हणजे एका माणसाच्या होकारामुळे दुसऱ्याचं अख्खं आयुष्य उलटंपालटं, आणि त्या दुसऱ्याने काय करायचं ते त्याने रात्री एकट्याने ठरवायचं.

मी आज तिथे उभी आहे, रेजू. देणारा इनास आहे, नाव त्याचं होईल, आणि व्हायलाच पाहिजे. पण देणं कधी एकट्याचं नसतं. एकाने दिलं की घर देतं. मरिया नवऱ्याशिवाय बेथलेहेमला पोचली असती का? हेरोद राजाच्या तलवारीतून बाळ घेऊन इजिप्तला गेली असती का, रात्रीतून? मत्तयमध्ये योसेफाला चार वेळा स्वप्नात सांगणं येतं, आणि प्रत्येक वेळी तो नुसता उठतो आणि करतो. अख्ख्या चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

आणि मला सगळ्यात जास्त धीर कशाने आला सांगू? मत्तय त्याला नीतिमान म्हणतो ते देवदूत यायच्या आधी. तो अजून घाबरलेला आहे, सोडून द्यायचा विचार करतोय, झोप उडालीय, आणि तेव्हाच तो नीतिमान. म्हणजे माझ्या पोटात जो गोळा आलाय ना, तो काही विश्वास कमी पडला म्हणून आलेला नाही. फादर प्रवचनात पुढे बरंच बोलले, मी ऐकलं नाही.

तुला पोप फ्रान्सिस यांची ती गोष्ट आठवते का, २०१५ मध्ये मनिलात कुटुंबांपुढे बोलताना सांगितलेली? त्यांच्या टेबलावर झोपलेल्या योसेफाची मूर्ती असायची आणि काही अडचण आली की ते चिठ्ठीवर लिहून तिच्याखाली सरकवायचे, की याने झोपेत बघावं. आपल्याकडे झोपलेला योसेफ नाही, काठी घेतलेला उभा आहे, तोही डोंबिवलीच्या आत्याने दिलेला, नाकाला पोचा पडलेला (तो पोचा तुझ्या लेकीने पाडलाय, मी विसरले नाही). त्याच्याखाली मी काल रात्री चिठ्ठी ठेवली. काय लिहिलं ते तुला पण सांगणार नाही.

आता दादाचं ऐक. त्याला हवीय असं समजू नकोस. त्याने जाऊकडून निरोप पाठवला, "इनासला सांग, मला नको. मी वाडी विकली आणि आता त्याची किडनी पण घेऊ?" जाऊ आमच्या दारात उभी राहून हे सांगत होती आणि रडत होती, आत ये म्हटलं तरी येईना, इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्यावर आली होती बिचारी. इनास तिला म्हणाला, "वहिनी, वाडीचं मी विसरलो नाही आणि विसरणार पण नाही, त्याने चूकच केली. पण त्याचं आणि याचं काय?" बस. मी वाट बघत होते की हा म्हणेल मी माफ केलं, मोठं मन वगैरे. नाही म्हणाला. रात्री मी विचारलं तर म्हणतो, हिशोब मिटायची वाट बघत बसलो तर तो मरेल, आणि देवाने तरी कुठे वाट बघितली, माणसं सुधारली मग जन्माला येतो असं म्हटलं का त्याने. माझा नवरा, ज्याला रोजारीच्या जपमाळेत तिसऱ्या गूढालाच पेंग येते, तो हे बोलला. मला नाताळ इतका स्पष्ट कोणी सांगितला नव्हता.

धाकटीने त्यात अजून एक शोधून काढलंय. जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट बॉस्टनला झालं, २३ डिसेंबर १९५४. म्हणजे उद्याचीच तारीख! रोनाल्ड हेरिकने रिचर्डला दिली, जुळे भाऊ, आणि सर्जनचं नाव काय तर जोसेफ. जोसेफ मरे, १९९० मध्ये नोबेल मिळालं त्यांना. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की तू निघून घरी जा, आणि रोनाल्डने उलट कळवलं की मी इथेच आहे आणि इथेच राहणार. रिचर्ड पुढे ८ वर्षं जगला, हॉस्पिटलातल्याच नर्सशी लग्न केलं (कॉलर ताठ करून घे), दोन मुलं झाली. देणारा रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत जगला. धाकटीने हे जेवताना वाचून दाखवलं आणि इनासने तिला चिठ्ठीचा भाग परत वाचायला लावला. मग उठून बाहेर गेला, नाताळच्या चांदणीची वायर बघायला म्हणून. वायर दुपारीच नीट केली होती.

आता आपलं जुनं भांडण. येत्या रविवारी, २८ ला, पवित्र कुटुंबाचा, म्हणजे येशू, मरिया, योसेफाचा सण, आणि वाचन तेच, कलस्सैकरांसचं, पौलाच्या त्या पत्रातलं, स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा. ज्यावरून तू त्या शिबिरातून उठून बाहेर गेलीस आणि सिस्टरना वाटलं तुला चक्कर आली. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, तू एक ओळ आधीच उठलीस. पुढची ओळ नवऱ्यांना आहे, बायकोवर प्रीती करा, तिच्याशी कठोर वागू नका. ती ओळ जास्त जड आहे. कारण मी आज सकाळी तीच इनासच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, तू मला कळवलंस. मला विचारलं नाहीस. नाताळच्या फराळाची कुलकुलं वळत होतो दोघं, फणीवर तो माझ्यापेक्षा सुबक वळतो हे तुला माहीतच आहे. मी म्हटलं, माझं उत्तर नाही असं नाही, पण कळवलेल्या गोष्टीवर मी सही करणार नाही, विचारलेल्या गोष्टीवर करेन. बराच वेळ गप्प बसला. मग हात पुसले आणि विचारलं. नीट, समोर बसून, माझं नाव घेऊन. लग्नाच्या वेळी वेदीपुढे फादरांनी विचारलं होतं तेव्हा आपण लाजून पटकन होय म्हणून टाकतो ना, तसं नव्हतं हे.

मी लगेच हो म्हटलं नाही. भीती वाटते गं. तो ऑपरेशनच्या टेबलावर आणि मी बाहेर बाकावर, आणि एकाच दिवशी दोन भाऊ आत, एकाच घरातले. मी म्हटलं, क्रॉसमॅचचा, दोघांचं रक्त जुळतं का त्याचा, शेवटचा रिपोर्ट येऊ दे, आणि दुसरं, नाताळच्या दिवशी आपण दोघं दादाकडे जायचं, फुगे घेऊन. किडनीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याला कळू दे की फक्त किडनी येत नाहीये, आपण येतोय. इनास म्हणाला, तो दार नाही उघडणार. म्हटलं, वहिनी उघडेल.

तुझं सांग. नवीन वॉर्ड कसा आहे, नाइट अजून आहेत का, लेकीचं ॲडमिशन केरळला की इकडे ते पक्कं झालं का, सासूचं मोतीबिंदू राहिलंच का? कुवेतच्या कॅथेड्रलमध्ये गर्दी असेल, लवकर जाऊन बस. तुमचं चर्चच पवित्र कुटुंबाच्या नावाचं, तर रविवारी सुट्टी मिळो न मिळो, शुक्रवारी आमच्या चौघांसाठी आणि दादाच्या घरासाठी एक मिस्सा सांग. पैसे मी अँथनीच्या भावाकडे देते.

आणि मैत्रीण बाजूला ठेवून नर्स म्हणून लिही, डॉक्टरांना मी अजून काय काय विचारायला हवं. बीपी पुढे वाढलं तर काय, पन्नाशीनंतर देणाऱ्याला काय जपावं लागतं, कोणत्या गोळ्या त्याने कधीच घ्यायच्या नाहीत, ही अशी यादी. व्हॉइस नोट नको, लिहून पाठव, मी तो कागद घेऊन जाणार आहे.

तुझी
फिलू