माऊसने केलेला बदलही वहीत उतरायला हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत डेटा विश्लेषणाच्या नोटबुकवर, म्हणजे कोड आणि त्याचे उत्तर एकत्र ठेवणाऱ्या संगणकातल्या वहीवर, आलेला लेख वाचला. स्वतः तयार केलेली छोटी अ‍ॅप्लिकेशन्स नोटबुकला प्लग-इन म्हणून कशी जोडावीत आणि एका ओळीच्या आज्ञेने ती सेलखालीच (कोड लिहिण्याच्या चौकटीखालीच) कशी उघडावीत, याचे वर्णन त्यात मोठ्या उत्साहाने केले आहे. हा उत्साह मला परका नाही, कारण माझे रोजचे काम याच नोटबुकात चालते आणि अशी दोन-तीन अ‍ॅप्स मी स्वतः लिहून सहकाऱ्यांच्या हाती दिली आहेत. मात्र अ‍ॅप उघडल्यानंतर त्यात माऊसने जे केले जाते त्याची नोंद कुठे राहते, हा प्रश्न लेखात आलाच नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पायथन या संगणकभाषेतला कोड थोडाथोडा चालवून पाहण्यासाठी २००१ साली सुरू झालेल्या आयपायथनला २०११ मध्ये ब्राउझरात चालणाऱ्या नोटबुकची जोड मिळाली आणि २०१४ पासून हा प्रकल्प ज्युपिटर या नावाने ओळखला जाऊ लागला. कोड, त्याचे उत्तर आणि त्यामागचा विचार एकाखाली एक राहावेत, म्हणजे दुसऱ्याला तीच वाट पुन्हा चालून पाहता येईल, हे या वहीचे खरे मोल आहे. २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर झाला तेव्हा त्या टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी अशीच नोटबुके डेटासह सर्वांसाठी खुली केली होती.

आता माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. एका यंत्राच्या तापमानाच्या १,२४० नोंदी तपासायच्या होत्या. त्यातल्या विचित्र नोंदी बाजूला काढण्यासाठी मी एक अ‍ॅप लिहिले होते. सेल चालवली की खाली ठिपक्यांचा आलेख उघडायचा, नको असलेल्या ठिपक्यांभोवती माऊसने फास ओढायचा आणि बटण दाबले की ते ठिपके मूळ डेटाफ्रेममधूनच (नोंदींच्या तक्त्यातूनच) गळायचे. सहकाऱ्याने १७ ठिपके काढले, पुढच्या सेलमध्ये सरासरी ४१.६ आली आणि तीच अहवालात गेली. महिन्याभराने मी कर्नल (कोड प्रत्यक्ष चालवणारा पडद्यामागचा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करून सगळ्या सेल ओळीने चालवल्या, तर सरासरी ४२.३ आली. कोडचे एक अक्षरही बदललेले नव्हते. चालवलेल्या प्रत्येक सेलला नोटबुक क्रमांक देते. अ‍ॅप उघडणाऱ्या सेलला १४ क्रमांक होता, सरासरी काढणाऱ्या सेलला १५, आणि या दोहोंच्या मध्ये ओढलेल्या फासाला मात्र क्रमांकच नव्हता. सहकाऱ्याला विचारले तेव्हा ‘वरचे काही ठिपके काढले होते’ एवढेच त्यांना आठवले. आम्ही फास पुन्हा ओढून पाहिला. एकदा १५ ठिपके आले, एकदा १९.

यामागचे कारण तांत्रिक असले तरी अवघड नाही. पडद्यावरचा स्लायडर किंवा आलेख ब्राउझरात असतो, तर त्याचा जोडीदार असलेला पायथन ऑब्जेक्ट कर्नलच्या मेमरीत असतो, आणि दोघांत सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते. कर्नल थांबला की दुसरी बाजू नाहीशी होते. विजेटची (अशा स्लायडरची किंवा आलेखाची) स्थिती फाइलमध्ये साठवली असेल तर स्लायडर जिथल्या तिथे दिसतो खरा, पण तो सरकवला तरी पलीकडे ऐकणारे कोणी नसते. शिवाय नुसत्या कोडच्या वह्यांचीही अवस्था फारशी चांगली नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील नोटबुके मोठ्या संख्येने चालवून पाहिली गेली. त्यांतील सुमारे २४ टक्केच विनाचूक शेवटपर्यंत चालली आणि पूर्वीचीच उत्तरे जेमतेम ४ टक्क्यांत आली. त्यात माऊसने केलेल्या, कुठेच न लिहिलेल्या कृतींची भर पडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून अशी अ‍ॅप्स वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ठिपके डोळ्यांनी पाहून निवडणे हे कित्येकदा कोडमध्ये लिहिलेल्या दहा ओळींच्या अटीपेक्षा शहाणपणाचे असते. अट एवढीच, की अ‍ॅपने मूळ डेटाला हात न लावता त्याच्या प्रतीवर काम करावे आणि वापरणाऱ्याने केलेली प्रत्येक निवड खालच्या सेलमध्ये साध्या, वाचता येईल अशा कोडच्या रूपाने लिहून ठेवावी. हे शक्य आहे. मिटो नावाचे प्लग-इन नोटबुकात स्प्रेडशीट उघडते आणि तीत केलेल्या बदलांचा पायथन कोड आपोआप तयार करून देते. माझ्या अ‍ॅपमध्ये ही सुधारणा करायला मला एक दुपार पुरली (ती मी आधीच का केली नाही, याला आळसाखेरीज कारण नाही). आता बटण दाबले की वगळलेल्या नोंदींच्या क्रमांकांची यादी नव्या सेलमध्ये उतरते आणि तिच्याशेजारी कारण लिहायला एक रिकामी ओळ राहते. अ‍ॅप पुन्हा न उघडताही ती सेल चालते. या सोयीचा आणखी एक फायदा आहे. २०२३ मध्ये नोटबुकची सातवी आवृत्ती आली तेव्हा जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स (नोटबुकला जोडलेली प्लग-इन) तीत चालेनाशी झाली. कोड लिहून ठेवलेला असेल तर अ‍ॅप बंद पडले तरी काम अडत नाही.

सुरक्षिततेबद्दल लेखात एकच वाक्य आहे आणि तेही अपुरे आहे. दुसऱ्याकडून आलेल्या नोटबुकवर आपण विश्वास दर्शवेपर्यंत त्याच्या आउटपुटमधली जावास्क्रिप्ट (ब्राउझरात चालणारा कोड) अडवली जाते, हे बरोबर आहे. पण आपण स्वतः इन्स्टॉल केलेल्या एक्स्टेन्शनला हा अडसर नसतो आणि आपल्या खात्याला ज्या फायली उघडता येतात त्या त्यालाही उघडता येतात.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात लेखकांनी आपलेच उदाहरणादाखल दिलेले अ‍ॅप घेऊन, कर्नल रीस्टार्ट केल्यावर तेच उत्तर पुन्हा कसे मिळवायचे, हे पायरीपायरीने दाखवावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक